पलीकडची सव्वीस झाडं

देर नुवार,
१२ फेब्रुवारी २०१७

बुथैना,

फोनवर आपण तीन मिनिटं नीट बोलतो आणि चौथ्या मिनिटाला ओरडायला लागतो. परवा बाबांनी माझ्या हातून फोन काढून घेतला आणि तुझं वाक्य अर्ध्यात तोडलं. म्हणाले, "तुम्हा दोन सरकारांना वाटाघाटी करायच्या असतील तर कागदावर करा. या वयात मला शांतता हवीय, निदान घरात." म्हणून हे पत्र. अबू सख्रची टॅक्सी रोज सकाळी रामल्लाला येतेच, पाकीट तो तुझ्या कचेरीत देईल.

आधी बाबांचं. गुरुवारी ते छाटणीला बागेत गेले आणि शिडीवरून पडले. भिंतीतलं लष्कराचं सकाळचं गेट उघडलं तेव्हा पलीकडे गेलेले, दुपारचं उघडेपर्यंत तसेच जमिनीवर पडून होते. शेजारच्या बागेतल्या उम्म फख्रीला दिसले, तिनं गाढवावर घालून आणलं. दोन बरगड्या मोडल्यात. मी भिंतीच्या या बाजूला शाळेत मुलांना इतिहास शिकवत होतो. मदतनीस म्हणून पलीकडे जायच्या परवान्याचा माझा अर्ज लष्कराच्या कचेरीनं चौथ्यांदा फेटाळलाय. कारण एका ओळीचं: अर्जदार जमिनीचा मालक नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा मालक आहे, त्यानं एकट्यानं जैतुनाची सव्वीस झाडं सांभाळावीत.

आता तुझा उपाय. जमीन आपल्या नऊ भावंडांत वाटायची, म्हणजे नऊ मालक आणि नऊ परवाने. तू हे इतक्या सहज सांगितलंस की मला घाम फुटला. बुथैना, शंभर वर्षं या देशाला एकच औषध पाजलं जातंय. कोणीतरी दूरच्या शहरात टेबलाभोवती बसतो, पट्टी ठेवतो, रेघ मारतो आणि आपल्याला सांगतो की आता भांडण मिटलं. प्रत्येक रेघेनंतर आपण कमी झालो. आजोबांनी तो तुकडा कधी फोडला नाही. पाच भाऊ होते, तेल सगळ्यांच्या घरी जायचं, झाड कुणाचं हे कुणी विचारलं नाही. मी पट्टीचा गुलाम होणार नाही, घरातही नाही.

बाबा तुला विचारतात, मुली कशा आहेत.

वजीह

*

रामल्ला,
३ मार्च २०१७

वजीह, माझ्या भावा,

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि दार लावून रडले. बरगड्यांसाठी. बाकीचं वाचून राग आला, तो उतरायला तीन आठवडे लागले.

तुझं भाषण मला पाठ आहे. नदीपासून समुद्रापर्यंत एक देश, प्रत्येकाला एक मत, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. सुंदर आहे. तुझा वर्ग टाळ्या वाजवतो, मीही वाजवीन. मग मला एवढंच सांग, हा देश कुठल्या खिडकीवर मागायचा? ज्यांच्या हातात बंदूक, गेटची किल्ली आणि पाण्याचा नळ आहे, ते एका सकाळी उठून म्हणतील, या, आमच्यासोबत मतदान करा आणि आम्हाला हरवा? तुला तो दिवस दिसतो. मला दिसत नाही. मला बाबा दिसतात, जमिनीवर पडलेले, गेट उघडायची वाट बघत.

मी ज्या संस्थेत काम करते तिथं आम्ही वाटाघाटींसाठी नकाशे आणि टिपणं तयार करतो. तू त्याला शिवणकाम म्हणतोस, फाटक्या चादरीला ठिगळं. असेल. मला एक सीमा हवी आहे जिच्या आत रात्रीअपरात्री कुणी दार तोडणार नाही. एक पासपोर्ट हवा आहे जो दाखवल्यावर समोरचा माणूस हसणार नाही. न्याय त्याहून मोठा आहे हे मला कळतं. मी न्याय मागतच नाहीये, श्वास मागतेय. न्याय माझ्या मुली मागतील, जिवंत राहिल्या तर.

जमिनीचंही तसंच. आसपासच्या गावांत निम्म्या घरांनी हेच केलंय. आजवर कचेरीनं मालकाला सहसा परवाना नाकारलेला नाही. बाबांनी जिवंतपणीच नऊ जणांना सारखे वाटे लिहून दिले, मुलींनाही, तर नऊ जण गेटमधून जाऊ शकतील. निदान गावात असलेले तुम्ही दोघं भाऊ, तू आणि सलीम, तरी जाल. गाझातला मुन्धिर येऊ शकणार नाही, पण त्याचं नाव तरी त्या मातीवर राहील. ही फाळणी नाही रे. नऊ जणांना आत शिरायचं दार आहे.

बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. मुली ठीक आहेत.

बुथैना

*

देर नुवार,
१९ एप्रिल २०१७

बुथैना,

तू जिंकलीस. बाबांनी मला बोलावून सांगितलं, तीस तारखेला नोंदणी कचेरीत जायचं आणि वाटे लिहून द्यायचे. मी दोन तास बोललो. ते ऐकत होते, मधे मधे जखमेच्या बाजूवर हात ठेवत होते. शेवटी म्हणाले, "तू बोलतोस छान. पण झाडांना पाणी कोण घालणार, तुझं बोलणं?" नजवा आत हसली. माझी बायकोही तुझ्याच पक्षात आहे.

मी जाईन आणि सही करीन. पण माझं म्हणणं तू एकदा नीट ऐक, कारण यानंतर मी लिहिणार नाही.

तुझ्या देशाचा नकाशा मी पाहिलाय. वाळवी लागलेल्या कागदासारखा आहे तो, आणि त्या भोकांना तुम्ही तपशील म्हणता. आपल्या आईचं गाव त्या नकाशात परदेश आहे. आई लुद्दच्या पलीकडे जन्मली, निर्वासितांच्या तंबूत वाढली, इथं मेली, आणि तुझा देश तिला सांगतो की बाई, तुझा दावा आम्ही एका उदास परिच्छेदात नोंदवला आहे. लाखो माणसांना परिच्छेदात गाडून मिळालेल्या झेंड्याला मी सलाम ठोकू? आणि मी कुणाला समुद्रात ढकलत नाहीये, हेही तुझ्या साहेबांना सांग. गेटवर उभी असते त्या सैनिक पोरीलाही माझ्या देशात घर आहे, मत आहे, तिची भाषा आहे. फक्त तिच्या हातात गेट नाही. एवढीशी मागणी तुम्हाला वेडेपणा वाटते, आणि कैद्यानं स्वतःच्या कोठडीचा नकाशा काढून द्यावा हे तुम्हाला शहाणपण वाटतं.

तुला पगार मिळतो म्हणून तू असा विचार करतेस, असं मी फोनवर म्हणालो होतो. ते मागे घेत नाही.

आता मला लिहू नकोस. लिहिलंस तर मी वाचणार नाही.

वजीह

*

रामल्ला,
२६ एप्रिल २०१७

भावा,

राग नंतर काढ. वाटणी करू नका.

कानावर आलंय की परवान्यांचे नियम बदलतायत. ज्याचा वाटा एक तृतीयांश दुनमापेक्षा लहान, त्याला शेती करायची गरजच नाही असं धरणार आणि परवाना नाकारणार. आपली सगळी जमीन दोन दुनम, अर्धा एकरही नाही. तिचे नऊ भाग केले तर एकही वाटा त्या मापात बसत नाही. बाबांच्या एकट्याच्या नावावर राहिली तर त्यांना कुणी हात लावू शकत नाही. लिहिलेलं काही माझ्या हातात अजून आलेलं नाही, पण सांगणारा माणूस हवेत बोलणारा नाही.

तू फोन उचलत नाहीस. बाबांना फोनवर ऐकू येत नाही. नजवाला सांगितलंय. तरी हे पाकीट अबू सख्रला तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

थांबा. महिनाभर तरी थांबा.

बुथैना

*

देर नुवार,
११ सप्टेंबर २०१७

बुथैना,

न लिहिण्याची शपथ मोडतोय, कारण ज्यानं हे केलं त्याला ते कळलंच पाहिजे.

नऊ अर्ज, नऊ नकार. सलीमचा, माझा, सगळ्यांचे. वाटा अत्यल्प, शेतीची गरज सिद्ध होत नाही. बाबांच्या जुन्या परवान्याची मुदत जूनमध्ये संपली. त्यांचा नवा अर्जही परत आला. अर्जदार जमिनीचा मालक नाही. सात महिन्यांपूर्वी हेच वाक्य माझ्यासाठी होतं.

उन्हाळाभर नांगर फिरला नाही. कंबरेएवढं गवत वाळून उभं आहे, एक काडी पेटली तर सव्वीसच्या सव्वीस जातील. बाबा रोज सकाळी गेटवर जातात. बादली आणि खुरपं घेऊन रांगेत उभे राहतात, नंबर आला की पोरगी मान हलवते, ते बाजूला होतात आणि दुपारच्या वेळेपर्यंत तिथंच दगडावर बसतात. मग पुन्हा रांगेत. त्यांना समजावलं तर म्हणतात, माणूस रोज दिसला की ओळख होते.

नऊ जणांना शिरायचं दार, असं लिहिलं होतंस ना? ते पत्र मी जपून ठेवलंय. शंभर वर्षं जे परके करत आले ते आपल्या घरात माझ्या बहिणीनं केलं, तेही चांगल्या हेतूनं. चांगल्या हेतूनंच आपला सर्वनाश होणार आहे.

वजीह

*

रामल्ला,
१४ सप्टेंबर २०१७

वजीह,

मी तुला २६ एप्रिलला लिहिलं होतं, वाटणी करू नका. तुला मिळालं नाही?

अबू सख्रला आज विचारलं. तो म्हणतो, शाळेच्या फाटकापाशी तुझ्या हातात दिलं, तू पाकिटावरचं अक्षर पाहिलंस आणि खिशात घातलंस.

ब.

*

देर नुवार,
१६ सप्टेंबर २०१७

बुथैना,

सापडलं. शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणात, उत्तरपत्रिकांखाली. चिकटवलेलं होतं तसंच.

नजवानंही सांगितलं होतं. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, बुथैनाचा फोन होता, वाटणी करू नका म्हणतेय. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं माझं १९ तारखेचं पत्र तुला लागलं. माझ्या बोलण्यानं रामल्लातली ती कचेरी हलली, माझी बहीण माझ्या बाजूला आली. मी नजवाला म्हणालो, आता उशीर झाला, तिला कळू दे रेघ मारली की पुसता येत नाही. आणि ऐटीत जाऊन सही केली. तुला धडा शिकवायला. आयुष्यभर फाळणीविरुद्ध बोललो आणि माझ्या बापाची जमीन मी एका वादात गुण मिळवायला फोडली.

बाबांना सांगितलं. त्यांनी पाकीट मागून घेतलं, उलटून पाहिलं. मग म्हणाले, "पत्र आलं की उघडायचं असतं, मास्तर." एवढंच. मास्तर म्हणाले.

मला एक सुचलंय, तू वकील आहेस, तू बघ. माझा वाटा आणि तुझा वाटा आपण बाबांना परत लिहून दिले, तर दोन मिळून त्या मापाच्या वर जातात. ते पुन्हा मालक होतील. आपण दोघं कायमचे बाहेर. बाकीच्यांना विचारण्यात दिवस जातील, ऑक्टोबर आला. फळं धरलीत असं उम्म फख्री सांगते.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. ते लिहिण्याचा हक्क आधी कमवावा म्हणतो.

वजीह

*

रामल्ला,
१९ सप्टेंबर २०१७

भावा,

कुलमुखत्यारपत्र सोबत आहे, शिक्क्यासकट. माझा वाटा आजपासून बाबांचा. तुझा तू उद्याच दे. अर्ज मी स्वतः लिहिते, प्रत्येक कागदाची प्रत जोडून, म्हणजे त्यांना एक ओळही शोधता येऊ नये.

गंमत बघ, तुझ्या नी माझ्या तुकड्यांत मिळून एक म्हातारा मावतो. हे तुझ्या बाजूचं आहे की माझ्या, ते ठरवायची ताकद माझ्यात नाही.

माफीचं राहू दे. मलाही तुला काही सांगायचं आहे. आत्ता नाही.

बुथैना

*

देर नुवार,
१५ नोव्हेंबर २०१७

बुथैना,

फोनवर तुला इतकंच कळलं की बाबा घरी आहेत आणि जिवंत आहेत. उरलेलं मला बोलता आलं नाही, लिहून बघतो.

परवाना नऊ तारखेला आला. वर त्यांचं नाव, फोटो, मालक. ते सोमवारी सकाळच्या गेटनं गेले. पाठीवर पोतं, हातात काठी, भाकरी आणि जातरची सुकी चटणी फडक्यात. सैनिक पोरीनं परवाना पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कित्येक महिने रोज दिसणाऱ्या माणसाकडे बघून हसावं तसं कसलंतरी हसली. मी तारेपाशी होतो. ते वळले नाहीत. टेकडीच्या पाठी गेले.

दुपारी गेट उघडलं, ते आले नाहीत. वाटलं, कामात असतील. संध्याकाळी चारला उघडलं, उम्म फख्री आली, बाकीचे आले, ते नाहीत. मी पोरीला सांगितलं, माझे वडील आत आहेत, ते चौऱ्याऐंशीचे आहेत, मला जाऊन बघू दे. ती म्हणाली, परवाना? मी म्हणालो, ते माझे वडील आहेत. ती म्हणाली, "तुझी जमीन आहे का तिकडे?" बुथैना, नव्हती. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी मी माझा वाटा लिहून दिला होता. त्यांना आत पाठवायला मी जे केलं त्यामुळे मला त्यांना आणायला जाता येत नव्हतं. तीस वर्षं मी वर्गात एकाच भूमीच्या मालकीवर बोलतोय आणि त्या पोरीला मला 'नाही' म्हणावं लागलं. वीस मिनिटं झाली, गेट बंद झालं. मी तारेला धरून ओरडलो. टेकडी मधे आहे, तिकडे ऐकू जात नाही.

मंगळवारी सकाळी पहिल्या रांगेत उम्म फख्रीला पाठवलं. दुपारी तिनं येऊन सांगितलं. ते ठीक होते. सोमवारी दोन झाडं उतरवली होती, गवतावर फडकं पसरून फळं निवडत बसले होते. ती म्हणाली, चला. ते म्हणाले, "मी घरीच आहे. माझ्या दोन्ही सरकारांना सांग, तुमचं ठरेपर्यंत मी इथं थांबतो." तिनं हात धरला तर झाडाला मिठी मारून बसले. शेतकऱ्याच्या परवान्यावर तिकडे रात्री राहणं गुन्हा आहे हे त्यांना माहीत होतं. गेट बसल्यापासूनच्या चौदा वर्षांत त्यांनी परतायची वेळ एकदाही चुकवली नव्हती.

तीन वाजता लष्कराची जीप गेली. त्यांना उचलून आणलं. मारलं नाही, हे मी लिहितो, कारण तू विचारशील. गेटवर आणून उतरवलं आणि परवाना काढून घेतला. कायमचा. फळांचं पोतं तिकडेच राहिलं.

आता ते अंथरुणावर आहेत. खात नाहीत. काल संध्याकाळी मला जवळ बोलावलं. त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या एका देशात मी बागेत चालत जाणार ना? कधी ते सांग. साल सांग." मी खूप वाचलंय बुथैना. जगात कुठं कुठं भिंती पडल्या, कुठं किती वर्षांनी, मी त्यांना सगळं सांगू शकलो असतो. मी त्यांची चादर सारखी केली. माझा देश खरा आहे, अजूनही मला तोच एक खरा वाटतो, पण तिथं पोचायची वाट मी माझ्या बापाला दाखवू शकत नाही.

मग ते म्हणाले, "बरं. तुझ्या बहिणीला विचार. तिच्या दोन देशांत माझी बाग कुठल्या देशात येते?"

मी म्हणालो, आपल्याच बाबा. ती स्वतः नकाशे बघते, तिनं सगळ्यात आधी तेच पाहिलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं बोललो. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाले, "तिच्या हातचं लिहून आण."

तर लिही. दोन ओळी पुरेत.

वजीह

*

रामल्ला,
१६ नोव्हेंबर २०१७

वजीह,

बाग पलीकडे येते.

जमिनीच्या अदलाबदलीचा, कधी जाहीर न झालेला, एक नकाशा आहे. भिंतीपलीकडची त्यांची मोठी वसाहत त्यांच्याकडेच ठेवायची, तिच्यासोबत तिच्याभोवतीचा पट्टा द्यायचा, आणि बदल्यात तेवढीच जमीन दक्षिणेत घ्यायची, जिथं काही उगवत नाही. देर नुवारच्या पश्चिमेचा सगळा पट्टा त्यात जातो. रेघ मी मारली नाही. मसुदा तपासून सही करण्याचं काम माझं होतं, सहा वर्षांपूर्वी. त्या नकाशात आपली बाग टाचणीच्या टोकाएवढी आहे. मी बोट ठेवून शोधली. सापडली. मग बोट उचललं आणि सही केली.

हेच तुला सांगायचं होतं. मी स्वतःला समजावलं होतं की सव्वीस झाडं देऊन लाखो माणसांना दार मिळत असेल तर बाबा स्वतः हो म्हणतील. त्यांना विचारलं नाही. झाडं कागदावर जाऊन सहा वर्षं झाली आणि दार कुणालाच मिळालं नाही. जो नकाशा कुणी मान्यही केला नाही, त्यासाठी मी ती देऊन बसले. तरीही उद्या सकाळी मी त्याच टेबलाशी बसणार आहे, कारण तुझ्या देशाची वाट मला अजून दिसत नाही आणि रिकाम्या हातांनी बसवत नाही. तुला माझा तिरस्कार करायचा असेल तर तो करायला तुझ्याकडे आता कारण आहे.

मी शनिवारी येतेय. त्याआधी हे पत्र बाबांना वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून, काही न गाळता. तूच वाच. मी त्यांच्या उशाशी बसले आणि त्यांनी विचारलं, तर मी म्हणेन, आपल्याच देशात येते बाबा, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून जेवतील.

बुथैना